बिननावाचे डबे

जवस आणि तीळ यांतला फरक मला डोळे मिटून, नुसत्या बोटांनी सांगता येतो. हुलगा आणि मटकी, वरी आणि राळा, तेही. या विद्येचा मला आयुष्यात एकदाही उपयोग झालेला नाही, कारण वाण्याकडे आता सगळं नाव छापलेल्या पिशवीत मिळतं. पण अजून कुठे धान्याचं उघडं पोतं दिसलं की हात आपोआप आत जातो, आणि त्याच क्षणी भीती वाटते. मग मी हात काढून घेते. बरोबरचं माणूस विचारतं, काय झालं, आणि मी म्हणते, काही नाही.

ही विद्या सरांची. भीतीही त्यांचीच, असं मी बरीच वर्षं समजत होते.

बाबा विमा कचेरीत होते. त्यांची बदली जयपूरला झाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि धाकटी मिनू पाच वर्षांची. तिलक नगरात भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही राहायला गेलो. वर्षभरात मिनू आईला म्हणायला लागली, "मम्मी, मेरेको पोळी दे ना." आईला रडू यायचं बाकी राहिलं. आमच्यासारखी वीस-पंचवीस मराठी घरं आसपास होती, कुणी बँकेतले, कुणी फौजेतले, आणि सगळ्यांच्या घरी हेच रडगाणं. तेव्हा तिथल्या मराठी मंडळानं ठरवलं की रविवारी सकाळी मुलांसाठी मराठीचा वर्ग काढायचा. शिकवणार कोण, म्हटल्यावर दोन गल्ल्या पलीकडे राहणारे सर आपणहून पुढे आले. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आमचा मात्र श्वास पुढचं वर्षभर अडकून राहिला.

सर मूळचे सोलापूरकडचे. बियाणं तपासायच्या सरकारी कचेरीत नोकरी करून जयपुरातच निवृत्त झालेले. बायको वारलेली, मूलबाळ नाही, आणि गावाकडची जमीन धरणाच्या पाण्याखाली गेलेली, म्हणजे परत जायला जागाच नव्हती. हे मला मोठेपणी कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की एक उंच, वाळका म्हातारा आहे, खाकी अर्धी चड्डी घालतो, कानांतून केसांचे झुपके बाहेर आलेत आणि हातात सदैव खुरपं असतं. त्या खुरप्यानं ते माती उकरत, आंब्याची साल काढत, पाठीला खाज सुटली तर तीही भागवत. बोलता बोलता तेच आपल्या नाकासमोर धरून विचारत, "सांग, ह्याला काय म्हनत्यात?" नाव येत असूनही आम्ही भलतंच सांगत असू.

मंडळाला वाटलं होतं, सर बाराखडी घेतील, चार श्लोक पाठ करून घेतील, गणपतीत मुलं स्टेजवर म्हणून दाखवतील. सरांनी पहिल्याच रविवारी जाहीर केलं, "अक्षरं ह्यांना शाळेत हिंदीतनं येत्यातच. मी पोरांना पोटाचं मराठी शिकवणार." पोटाचं मराठी म्हणजे शेतीचं. नांगर, कुळव, पाभर, जू, मळणी, उफणणी, मूठ, पसा, ओंजळ. पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या तासून त्यांनी सगळी अवजारं हातभर लांबीची केली होती, वर्ग त्यांच्या गच्चीवर भरे, ती तिथल्या कठड्यावर ओळीनं मांडलेली असत. पलीकडे मोती डुंगरीची टेकडी दिसायची. आम्ही सतरंजीवर बसून ऊन खात "कुळवाची फास, पाभरीचं चाडं" असं घोकत असू. ज्यांनी आयुष्यात शेत फक्त रेल्वेच्या खिडकीतून पाहिलं, अशी ती बारा मुलं होती.

मुलांना नावांनी हाक मारायचं त्यांना ठाऊक नव्हतं. ज्याला त्याला पिकाचं नाव. मेजरसाहेबांचा गोल मुलगा म्हणजे भोपळा. मी करडई, कारण मला काटे आहेत असं त्यांचं मत होतं. मिनू सगळ्यांत बारीक, म्हणून ती राळा.

पहिल्या रविवारी त्यांनी विचारलं, भुईमुगाच्या शेंगा कुठं लागतात. बँकवाल्यांचा मुलगा म्हणाला, "पेड पर." सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि किती तरी वेळ तसेच बसून राहिले. खुरप्याचं टोक तेवढं सतरंजीवर टक टक करत होतं. बारा मुलं आणि चिडीचूप गच्ची. त्या शांततेपेक्षा दोन धपाटे परवडले असते, असं आम्हा सगळ्यांचं नंतर एकमत झालं.

सरांनी कुणावर कधी हात उगारला नाही, हे खरं आहे. त्यांना त्याची गरजच नव्हती. त्यांच्याकडे पिशव्या होत्या. मांजरपाटाच्या सात पिशव्या, तोंडाला नाडी. डोळे मिटायचे, पिशवीत हात घालायचा, बोटांनी चोळून धान्याचं नाव सांगायचं. सहा पिशव्यांत धान्य असे. सातवीत काय असेल ते सांगता येत नसे. कधी गोखरूचे काटे, कधी ओला शेणगोळा, कधी नुसती राख. एकदा भोपळ्यानं सातवीत हात घातला आणि किंचाळून मागे पडला. आत सापाची कात होती. सर शांतपणे म्हणाले, "शेतात हात घालताना काय लागंल हे कळाया नको?" त्या दिवसापासून शनिवारी दुपारीच माझं पोट दुखायला लागायचं. आई ओवा द्यायची. ओव्यानं ते दुखणं जाण्यातलं नव्हतं.

आणि वर्गानंतरची ती थालीपीठं. सर स्वतः करायचे, गच्चीवरच स्टोव्ह पेटवून, वर लोण्याचा गोळा ठेवून. वास असा सुटे की शेजारच्या गच्चीवरची माणसं डोकावत. पण खायच्या आधी एक घास चाखून भाजणीत काय काय आहे ते सांगावं लागे. ज्वारी, बाजरी, हरभरा, उडीद, धणे. येईल त्याला ताटली, न येईल तो नुसता बघत बसेल. सरांचा कायदाच होता: ज्याचं नाव येत नाही ते पोटात घालायचं नाही. मी पहिल्या महिन्यातच सगळी नावं पाठ केली आणि दर रविवारी ताटली मिळवली. मिनू दर रविवारी एकच उत्तर देई, "आटा." सर म्हणत, "राळे, आटा कुठल्या झाडाला लागतो गं?" मुलं हसत. मिनू सगळ्यांच्या ताटल्यांकडे बघत बसे. मला घास गिळवत नसे, तरी मी खात असे, कारण टाकलं तर सर काय करतील याची धास्ती.

आईनं एकदा बाबांना सांगितलं, पोरीला उपाशी ठेवतात. बाबा म्हणाले, तासाभराचा प्रश्न, शिस्त लागेल. मग मिनूला शिस्त लावायचं काम मी माझ्याकडे घेतलं. शाळेतून आल्यावर मी तिला गॅलरीत बसवायची, डोळ्यांवर ओढणी बांधायची, वाटीत डाळी घालून तिचे हात त्यात बुडवायची. चुकली की दंडाला चिमटा. रडली की दुसरा. सरांनी जे कधीच केलं नाही ते सगळं मी केलं, आणि वर तिला बजावलं, "आईला सांगितलंस तर बघ." मला वाटायचं, मी तिला वाचवते आहे.

सरांच्या घराचा मागचा भाग म्हणजे त्यांचं शेत. दोन खाटा मावतील एवढी जागा. दरवर्षी सप्टेंबर सरता सरता ते तिथे ज्वारी पेरत. बी सोलापूरकडून कुणीतरी पार्सलनं पाठवी. जयपुरात ज्वारी म्हणजे गुरांचा चारा, त्यामुळे शेजारचे शर्माजी भिंतीवरून म्हणत, "मास्टरजी, लॉन लगा लीजिए. ये क्या चारा बो रखा है." कणसं भरली की सर पाखरं राखायला गोफण घेऊन गच्चीत बसत. एकदा गोफणीचा दगड शर्माजींच्या खिडकीत गेला. तेव्हापासून शर्माजी बोलायचे बंद झाले आणि सर म्हणाले, चला, राखण करायला शांतता मिळाली.

डब्यांचं खूळ त्या वर्षी सुरू झालं. मुलं डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून नावं सांगतात, आणि तीही हिंदीत, असा त्यांना संशय आला. मग त्यांनी घरातल्या प्रत्येक डब्याचं लेबल खुरप्यानं खरवडून काढलं. मिठाचं, चहाचं, साखरेचं, बियाण्याचं, सगळ्यांचं. "वाचून ओळखनारा मानूस निम्मा आंधळा," म्हणायचे. बाबा एकदा त्यांच्याकडे मीठ घातलेला चहा पिऊन आले आणि घरी आम्ही पोट धरून हसलो.

सप्टेंबरातल्या त्या रविवारी आम्ही उशिरा उठलो. मिनूनं दूध घेतलं नाही. आधीचे तीन रविवार ती उपाशीच घरी आली होती. गच्चीवर बसल्या बसल्या ती माझी बाही ओढत होती, "ताई, भूक लगी है." मी सहा पिशव्या पटापट ओळखल्या, सातवीही. सर खूश झाले असावेत, कारण त्यांनी मला खालच्या खोलीतून सूप आणायला पाठवलं.

खाली फळीवर डबे. सगळे एकसारखे, बोडके. मी सूप शोधायचं सोडून एक डबा उघडला, चहा निघाला. दुसऱ्यात मीठ. तिसऱ्यात गुलाबी, गोल, चकचकीत दाणे. मोती डुंगरीच्या गणपतीबाहेर बडीशेपेत घातलेल्या साखरेच्या गुलाबी गोळ्या मिळत, अगदी तशाच दिसल्या. माझा संताप झाला. म्हातारा स्वतःसाठी गोळ्या लपवून ठेवतो आणि माझ्या बहिणीला उपाशी ठेवतो. मी दोन मुठी भरून फ्रॉकच्या खिशात घातल्या. बोटांनी चोळून पाहिलं नाही. डोळे मिटून राळा आणि वरी ओळखणारी मी, त्या दिवशी नुसत्या रंगाला फसले.

जिन्याच्या वळणावर मी मिनूला खाली बोलावलं. तिनं एक चिमूट तोंडात टाकली आणि तोंड वाकडं केलं. "ताई, ये कडवी है."

"गप खा," मी म्हटलं. "सर येतील."

ती चावायला लागली. थांबली की मी चिमटा काढायची. डोळ्यांत पाणी आणून तिनं त्या दोन्ही मुठी संपवल्या.

अर्ध्या तासानं गच्चीवर तिला उलटी झाली. सर खुरपं घेऊन आले, उलटीकडे पाहिलं, आणि मटकन खाली बसले. त्यातला एक दाणा त्यांनी बोटांत धरला, नाकाशी नेला. पेरायची ज्वारी होती ती, कीड लागू नये म्हणून विषारी औषध चोळलेली. औषधाचा रंग गुलाबी असतो, म्हणजे कुणी चुकून खाऊ नये. सरांच्या हातातलं खुरपं खाली पडलं. त्यांचा हात मी पहिल्यांदाच रिकामा पाहिला.

"कितीक खाल्लं? कवा खाल्लं?" त्यांनी मिनूला विचारलं. तिचे डोळे मिटत होते. मग आमच्याकडे वळून, "पोरांनो, कुनी बघितलं का? घाबरू नका. सांगा."

मी बोलले नाही. मिनू मरेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मला फक्त सर दिसत होते. खिशातले उरलेले चार दाणे मी बोटांनी शिवणीत ढकलत होते.

सरांनी मिनूला उचललं, जिना उतरले आणि खालच्या फळीवरचा तो डबा एका हातात घेतला. मी मागे धावले. रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्या वर्षी रविवारी सकाळी टीव्हीवर पौराणिक मालिका लागायची आणि त्या वेळात सगळं जयपूर घरात बसलेलं असे. ना ऑटो, ना सायकलरिक्षा. प्रत्येक घरातून तेच संगीत ऐकू येत होतं. सर एकेक दार ठोठावत होते आणि त्या आवाजात ते कुणाला ऐकू जात नव्हतं. मिनूची मान त्यांच्या खांद्यावरून लोंबत होती. तेव्हा मात्र मला कळलं. इतकी भीती मला त्याआधी आणि त्यानंतर कधी वाटलेली नाही. मी धावत होते.

शेवटी सरांनी शर्माजींच्या त्याच खिडकीवर डब्यानं ठोकलं. शर्माजी बनियनवर बाहेर आले, एक नजर टाकली आणि म्हणाले, "मास्टरजी, पीछे बैठिए." मी पुढे चढले आणि त्यांची फियाट निघाली. सर मिनूला मांडीवर घेऊन तिला झोपू देत नव्हते. "राळे, डोळे उघड. नांगर कोन वढतं? सांग बघू." मिनू काही बोलेना. ते पुन्हा विचारत होते, पुन्हा, पुन्हा, आणि त्यांचा आवाज फाटत चालला होता. सांगानेरी दरवाजा गेल्यावर मिनू पुटपुटली, "बैल." सर म्हणाले, "शाब्बास." हा शब्द आमच्यापैकी कुणी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी डबा पाहिला. त्यावर नाव नव्हतं, नुसते खरवडल्याचे ओरखडे. सरांनी औषधाचं इंग्रजी नाव सांगितलं, एकेक अक्षर करून. डॉक्टर म्हणाले, "कितना खाया होगा? अंदाज़ा दीजिए, जल्दी."

"पता नहीं," सर म्हणाले.

"दोन मुठी," मी म्हटलं.

सर वळले. "कुनाच्या मुठीनं?"

मी माझी मूठ वळून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग डॉक्टरांना म्हणाले, "दो मुट्ठी. दस साल के बच्चे की." डॉक्टर आत गेले. सर मला काही बोलले नाहीत. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला समजावत राहिले, की त्यांनी माझी मूठ नुसती माप म्हणून पाहिली.

मिनूचं पोट धुतलं. दोन दिवस ती तिथे होती. सर त्या दोन दिवसांत घरी गेले नाहीत, आई-बाबा त्यांच्याकडे बघत नव्हते तरी बाकावर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी मिनू घरी आली आणि तिनं वरण-भात मागितला.

पुढच्या रविवारी मंडळाची माणसं आमच्या बाहेरच्या खोलीत जमली. मी आतल्या पडद्यामागे उभी होते. एवढ्या माणसांत सर आता सांगणार, अशी माझी खात्री होती, आणि पडद्याची कड मी दातांत धरली होती. बाबांनी विचारलं, पोरीच्या हाती ते लागलंच कसं. सर उभे राहिले. "डबा मी उघडा ठिवला. चिठ्ठी मीच काडली हुती. ती पोरगी उपाशी हुती, तिनं घेतलं. चूक माजी हाय." एरवी मंडळात ते नीट कचेरीतलं मराठी बोलत. त्या दिवशी ते सुटलं होतं. कुणीतरी म्हणालं, या माणसाला मुलांजवळ येऊ देऊ नका. सर म्हणाले, "बरोबर हाय," आणि चपला घालून गेले. वर्ग बंद झाला. मला हलकं वाटलं, आणि त्याची लाज वाटायला बरीच वर्षं लागली.

महिन्यानं बाबा गणपतीसाठी आणलेली त्यांची सतरंजी परत करायला गेले तेव्हा मला बरोबर घेऊन गेले. मी नाही म्हटलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं. सरांनी दार उघडलं, मला पाहिलं आणि दोन पावलं मागे सरले. खोलीत प्रत्येक डब्यावर पांढरा कागद चिकटवला होता. लाल शाईनं, ठसठशीत. मीठ. चहा. साखर. माठावरसुद्धा पाणी असं लिहिलं होतं. फळीवर बियाण्याचा डबा नव्हता. मागच्या खिडकीतून ते शेत दिसलं, पेरलेलं नव्हतं. बाबांनी विचारलं, बरं आहे ना. सर म्हणाले, बरं आहे, आणि आम्ही पायरी उतरेपर्यंत दारामागे उभे राहिले. पुढच्या उन्हाळ्यात बाबांची नागपूरला बदली झाली. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी सर गेल्याचं पत्र कुणाचं तरी आलं.

गेल्या वर्षी मी पुण्याला मिनूकडे गेले होते. दुपारी आम्ही दोघी वाळलेले कपडे घड्या करत बसलो होतो. मी काही ठरवलं नव्हतं, पण म्हणून गेले, "मिनू, ती ज्वारी मी तुला दिली होती."

"मला माहीत आहे की," ती म्हणाली. "मीच तर खाल्ली होती."

"मग आई-बाबांना कधी का सांगितलं नाहीस?"

तिनं चादरीची टोकं जुळवली. "सरांना सांगितलं होतं. हॉस्पिटलात ते माझ्या खाटेशी बसले होते. विचारलं, राळे, कुणी दिलं. मी म्हटलं, ताईनं. म्हणाले, बरं, आता कुणाला सांगू नको, झोप."

मग मी विचारलं, "त्यांना सांगितलंस? तुला भीती नाही वाटली त्यांची?"

"त्यांची कशाला वाटेल?" मिनू म्हणाली. "मला तुझी भीती वाटायची, ताई."

मी हातातली घडी मोडून पुन्हा घातली.

"अजून वाटते कधीकधी," ती म्हणाली आणि उशीला अभ्रा चढवू लागली.